ताण संपला, तरी मेंदू पहाऱ्यावरच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३. घरात वडिलांचं लांबलेलं आजारपण आणि त्याच काळात नोकरी राहते की जाते याची टांगती तलवार, अशी साडेतीन वर्षं गेली. आता पाच महिने झाले. वडील सावरलेत, नोकरीही पक्की आहे. तरीही ओळखीच्या माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत, पुस्तकाचं एकच पान तीनदा वाचावं लागतं, साधा निर्णय घ्यायचा तरी डोकं जड होतं, घरच्यांवर उगाच चिडायला होतं आणि फोन वाजला की छातीत धस्स होतं. सततच्या ताणानं मेंदू आकसतो असं वाचनात आलं. तर मेंदू कायमचा बिघडलाय का, आणि बरं व्हायला किती दिवस लागतील?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी तसं दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण मेंदूचे सगळे भाग एकाच वेगानं सावरत नाहीत. स्मरणशक्ती आणि विचार करण्याची ताकद आधी परत येते; भीतीची घंटा मात्र बरेच दिवस वाजत राहते. आपण बरे होतोय की नाही हे माणसं नेमकं त्या घंटेवरून ठरवतात आणि हताश होतात. मी बावीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. हा प्रश्न मला ताण चालू असताना फारसा कुणी विचारत नाही, तो संपल्यावर विचारतात. चालू असताना सवड कुणाला असते?

आधी यंत्रणा समजून घेऊ. अचानक संकट समोर आलं की काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढतं. हृदय धडधडतं, स्नायू ताठतात, नजर एकाच गोष्टीवर खिळते. दुसरी लाट थोडी सावकाश, काही मिनिटांत येते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना देते, आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. कॉर्टिसॉलला हल्ली खलनायक ठरवलं गेलंय, पण ते नसेल तर माणूस जगू शकत नाही. रोज सकाळी जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते चढतं, म्हणून तर आपण अंथरुणातून उठतो. मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळ्यात खाली असतं. संकट आलं की वाढायचं, टळलं की उतरायचं, इतकं साधं त्याचं काम.

उतरायचं कसं, हे महत्त्वाचं. रक्तातलं कॉर्टिसॉल पुन्हा मेंदूत पोचतं आणि 'आता पुरे' असा निरोप देतं. हा निरोप ऐकणाऱ्या जागांपैकी एक म्हणजे हिप्पोकॅम्पस, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला खोलवर असलेला भाग, जो नव्या आठवणी घडवतो. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की त्रास कुठल्याही प्रकारचा असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच असते: अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजतात, जठरात व्रण पडतात. पण ही गोष्ट मुख्यतः मानेखालची मानली जायची. १९६८ साली ब्रूस मॅक्युअन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदरांमधलं कॉर्टिसॉलसारखं संप्रेरक थेट हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन चिकटतं. ताणाचं संप्रेरक आठवणींच्या भागात काय करतंय, हा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला. तुमची विसरायची तक्रार त्याच प्रश्नात बसते.

आता 'मेंदू आकसतो' याकडे येऊ. वाक्य खोटं नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं ते चुकीचं असतं. लोकांना वाटतं, पेशी मेल्या आणि आता संपलं. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि त्या फांद्यांवर बारीक काटे असतात, जिथे दुसऱ्या पेशींशी गाठ पडते. प्राण्यांमध्ये दिसतं ते असं, की सततच्या ताणात हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात आणि काटे कमी होतात. पेशी जिवंत असते, तिनं पसारा आवरलेला असतो. पाणी कमी पडलं की झाड पानं गाळतं, तसंच. पानगळ पाहून कुणी झाड तोडत नाही.

माणसांमध्ये याचा एक बोलका पुरावा कुशिंग नावाच्या आजारात मिळतो. त्यात शरीर स्वतःहूनच प्रमाणाबाहेर कॉर्टिसॉल बनवतं. अशा रुग्णांचा हिप्पोकॅम्पस लहान भरतो, आणि उपचारानंतर कॉर्टिसॉल उतरलं की त्याचं आकारमान पुन्हा वाढताना दिसलंय. जे कायमचं मेलं ते परत वाढत नाही.

दुसरीही बाजू सांगतो, कारण ती सहसा सांगितली जात नाही. युद्धावरून परतलेल्या, मानसिक आघात झालेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान आढळला, तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की आघातानं तो लहान झाला. मग २००२ साली व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या, कधीच युद्धावर न गेलेल्या जुळ्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचाही हिप्पोकॅम्पस तितकाच लहान निघाला. म्हणजे काही लोकांमध्ये तो आधीपासून तसा असतो आणि त्यामुळेच आघात जास्त लागत असावा. म्हणून एखाद्या स्कॅनकडे बोट दाखवून 'हे तुमच्या ताणानं झालं' असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे लोक एमआरआय काढून घेऊन येतात. त्यात गाठ, रक्तस्राव असं काही नाही ना, एवढं दिसतं. ताण दिसत नाही.

तुमची दुसरी तक्रार, निर्णय घेताना डोकं जड होणं आणि पान पुन्हा पुन्हा वाचणं, ही कपाळामागच्या भागाची, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची. चार गोष्टी एकदम मनात धरणं, नको तो विचार बाजूला सारणं, जिभेवर आलेलं तिखट वाक्य गिळणं, ही सगळी त्याची कामं. येल विद्यापीठात एमी आर्नस्टन यांनी अनेक वर्षं यावर काम केलं. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि डोपामाइन ही मेंदूतली रसायनं मोजकी असतील तर हा भाग तल्लख चालतो. पातळी फार वाढली की तिथल्या पेशींचं आपसातलं जाळं तात्पुरतं सुटतं आणि कारभार जुन्या, झटपट प्रतिक्रिया देणाऱ्या भागांकडे जातो. अंगावर दगड येत असताना विचार करत बसणारा वाचत नाही, त्यामुळे ही सोय शहाणपणाचीच. पण साडेतीन वर्षं दगड येतच राहिले, तर शांतपणे विचार करणारा भाग कामावर यायचंच विसरतो. घरच्यांवरची चिडचिड इथलीच आहे. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. स्वभावाला लगाम घालणारा हात थकलाय.

आणखी एक बदल लोकांच्या लक्षात येत नाही. २००९ साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी दाखवलं की सततच्या ताणातले उंदीर सवयीचे गुलाम होतात. पोट भरलेलं असतानाही ते खाण्यासाठीचा दांडा दाबतच राहतात. विचारपूर्वक वागण्यामागची मेंदूतली जागा आक्रसते आणि सवयीची जागा फुगते. पुढे परीक्षेच्या ताणात असलेल्या विद्यार्थ्यांमध्येही असंच दिसलं, आणि ताण ओसरल्यावर ते पूर्ववत झालं. रात्री दीड वाजता, काही बघायचं नसताना, तुमचा अंगठा पडद्यावर वरखाली फिरत असेल तर दांडा दाबणारा तो उंदीर आठवा. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण सहसा असतंच, म्हणून आपलं सांगून ठेवलं.

आता घंटेकडे. अमिग्डला हा बदामाएवढा भाग धोका हुंगण्याचं काम करतो. इथेच सगळी गंमत आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या अपेक्षेप्रमाणे आखूड झाल्या. अमिग्डलामध्ये मात्र त्या वाढल्या. एकच ताण, एकाच प्राण्यात, एकीकडे पानगळ आणि दुसरीकडे पालवी! मग त्यांनी उंदरांना एकवीस दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डलाची वाढलेली फांदी तशीच राहिली, आणि उंदीर भित्रेच राहिले.

मी हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या कितीतरी रुग्णांचे चेहरे डोळ्यांपुढून गेले. 'डॉक्टर, आता सगळं ठीक आहे हो, पण...' असं म्हणून थांबणारे. त्यांना मी पूर्वी 'मग काळजी कशाला करता?' असं म्हणायचो. आता म्हणत नाही.

उंदराचे एकवीस दिवस आणि माणसाची साडेतीन वर्षं यांचं त्रैराशिक मांडता येत नाही, हे खरं. पण दिशा तीच आहे, आणि विचार करण्याच्या भागाबद्दल माणसांवरचा पुरावाही आहे. २००९ सालच्याच एका अभ्यासात मोठ्या परीक्षेसाठी महिनाभर घासणारे वैद्यकीय विद्यार्थी तपासले. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर वळवणं त्यांना जड जात होतं आणि प्रीफ्रंटल भागाच्या जोडण्या ढिल्या पडल्या होत्या. परीक्षा संपल्यावर महिनाभरानं तपासलं तर ते इतरांसारखेच झाले होते. अर्थात ती तरुण मुलं होती. वय वाढलेल्या उंदरांमध्ये हा भाग तितक्या लवकर सावरत नाही, असंही दिसलंय. त्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी, इतक्या लांबलेल्या ताणानंतर, पाच महिन्यांत सगळं पूर्ववत झालं नाही यात मला काहीच विचित्र वाटत नाही. माझ्या अनुभवात अशा माणसांचं वाचन आणि कामातली पकड सहसा सहा महिने ते वर्षभरात बरीचशी परत येते. दचकणं त्याहून मागे राहतं.

मग करायचं काय? मेंदू पहाऱ्यावर उभा आहे, कारण उभं राहणं गरजेचं होतं असा त्याचा साडेतीन वर्षांचा अनुभव आहे. 'संकट टळलं' हे त्याला शब्दांनी सांगून पटत नाही, रोजच्या अनुभवातून पटवावं लागतं. खालचं सगळं त्याच एका कामासाठी आहे.

सुरुवात झोपेपासून. झोप नीट नसेल तर बाकी काहीही सांगण्यात मी वेळ घालवत नाही. २००७ सालच्या एका प्रयोगात, सुमारे पस्तीस तास जागं ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त होती, आणि तिला आवर घालणाऱ्या प्रीफ्रंटल भागाशी तिचा दुवा सैल पडला होता. धडधाकट माणसाला एका रात्रीत हे होतं. आजारी माणसाच्या उशाशी बसून वर्षानुवर्षं अर्धवट झोपणाऱ्याचं काय होत असेल!

रात्री लवकर झोपायचा हट्ट धरू नका, तो जमत नाही. उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच, आणि उठल्यावर पहिल्या तासाभरात उजेडात बाहेर पडा. अंथरुणात वीसेक मिनिटं नुसतं तळमळत असाल तर उठून दुसऱ्या जागी बसा आणि झोप आली की परत या. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, ही गाठ मेंदूत बसलेली असते, ती सोडवायची आहे. कॉफी दुपारी लवकर बंद करा, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीरात साधारण पाच तास टिकतो. तीन आठवड्यांत यानं फरक पडला नाही, तर निद्रानाशासाठी बोलण्या-वागण्यावर आधारित उपचार आहे, त्याला सीबीटी-आय म्हणतात. झोपेच्या गोळीच्या आधी तो करून पाहावा, हे आता सर्वमान्य आहे. दारूनं झोप लागते आणि उत्तररात्री मोडते; याविषयी इतकंच.

दुसरं म्हणजे चालणं. २०११ साली ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस, चाळीस-चाळीस मिनिटं भरभर चालायला लावलं. बाकीच्यांनी हातपाय ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षानंतर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा थोडा घटला होता. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या वयात तो दरवर्षी आपसूक घटत असतो. तुम्हाला व्यायामशाळा लावायची गरज नाही. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगानं चाला. दमलेल्या माणसाला मी सुरुवातीला दहाच मिनिटं सांगतो. सगळे नाराज होतात, त्यांना तास हवा असतो. तासवाले दुसऱ्या आठवड्यात गायब होतात, दहा मिनिटवाले टिकतात.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं: ताबा. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली दाखवलं की ज्या कुत्र्यांना विजेचे झटके थांबवणं शक्य नव्हतं, ते पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहायचे. हताशपणा शिकला जातो, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि तो जगभर गाजला. गंमत म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी लिहिलं की आमचा अर्थ उलटा होता. लांबलेल्या संकटात गळून पडणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती 'माझ्या करण्यानं फरक पडतो' ही जाणीव. प्रीफ्रंटल भागाचा खालचा-आतला पट्टा ही जाणीव टिपतो आणि खालच्या घंटेला गप्प करतो.

तुमची साडेतीन वर्षं आठवा. औषधाची वेळ, तपासणीची तारीख, वरिष्ठांचा निरोप, रात्रीचा फोन, सगळं बाहेरून ठरत होतं. म्हणून मी रुग्णांना रोज एक काम देतो: लहानसं, स्वतः निवडलेलं आणि त्याच दिवशी संपणारं. एक कप्पा आवरणं, एक पत्र लिहिणं, बिघडलेलं बिजागर बसवणं. 'आयुष्य मार्गी लावणं' असलं काही नको, कारण ते संपत नाही. पूर्ण झाल्यावर क्षणभर थांबून 'हे मी केलं' अशी नोंद घ्यायची. हिशेबाच्या कामातल्या एका रुग्णानं हे ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांना बालवाडीत बसवलंय. सात आठवड्यांनी तेच मला सांगत होते की आकडे पुन्हा पुन्हा तपासायची गरज कमी झालीय.

ताब्याचाच भाऊ म्हणजे अंदाज. जे वाइस नावाच्या संशोधकानं उंदरांवर दाखवलं की झटक्याच्या आधी सूचनेचा आवाज ऐकू आला, तर तेवढेच झटके बसूनही जठरातले व्रण कमी पडतात. सूचना नसेल तर प्राणी प्रत्येक क्षणी ताठलेला राहतो. सूचना असेल तर मधला वेळ त्याला मोकळा मिळतो. म्हणून दिवसातल्या तीन-चार गोष्टींच्या वेळा पक्क्या ठेवा. आणि वडिलांच्या तब्येतीची चौकशी दिवसातून अठरा वेळा न करता ठरावीक वेळी दोनदा करा. बाकीचा वेळ पहारेकऱ्याला सुट्टी.

फोनच्या धसक्यासाठी वेगळं काम लागतं. वाजणारा फोन आणि वाईट बातमी यांची गाठ बसलीय. फोन मूक ठेवला तर आराम मिळतो, पण गाठ सुटत नाही, उलट घट्ट होते, कारण 'नुसता वाजला, काहीच झालं नाही' हा अनुभव मेंदूला मिळतच नाही. मी असं करायला सांगतो: घरातल्या एखाद्याला किंवा मित्राला रोज ठरावीक वेळी फोन करायला सांगा, अगदी फालतू गप्पांसाठी. वाजला की लगेच झडप घालू नका. दोन-तीन वेळा वाजू द्या, श्वास सावकाश सोडा, मग उचला. दहा-बारा दिवसांनी वेळ न सांगता करायला सांगा. भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण चढते. जुनी खाली शिल्लक असते. त्यामुळे पुढे कधी रुग्णालयाच्या त्या वासात, त्या बाकावर बसायची वेळ आली तर धस्स पुन्हा होईल. तेव्हा 'सगळं पाण्यात गेलं' असं समजू नका. जागा बदलली की जुनी भीती डोकं वर काढते, हा तिचा धर्मच आहे. दुसऱ्यांदा ती लवकर उतरते.

श्वासाबद्दल खूप विचारतात. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाची गती जरा मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवला की आराम पडतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, पाच मिनिटं. घंटा वाजत असताना वापरायचा तो ब्रेक आहे. घंटेची दुरुस्ती त्यानं होत नाही.

ध्यानाबद्दल थोडं सावध बोलतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या सजगता-अभ्यासक्रमानं ताणाची जाणीव कमी होते, याला चांगला आधार आहे. पण 'आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते' हे जे सगळीकडे छापून येतं, ते २०२२ साली मोठ्या गटावर, नीट तुलना करून तपासलं तेव्हा रचनेतला असा बदल दिसला नाही. बरं वाटत असेल तर जरूर करा. आणि डोळे मिटून बसल्यावर धडधड वाढत असेल तर करू नका. पहाऱ्यावरच्या माणसाला डोळे मिटायला सांगणं कधी कधी उलटतं. त्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी, पावलांकडे लक्ष देत चाला.

माणसं हवीत. २००६ सालच्या एका छोट्या प्रयोगात सोळा विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये, आता विजेचा झटका बसेल अशी खूण दाखवली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या धोक्याच्या जागा कमी पेटल्या. परक्याचा हात धरल्यावरही फरक पडला, पण थोडा. ज्यांचं नवऱ्याशी बरं जमत होतं त्यांना जास्त फायदा, हेही दिसलं. यावर वेगळं भाष्य नको. शुश्रूषेच्या काळात मित्र गळालेले असतात आणि आता कुठल्या तोंडानं फोन करू, असं वाटतं. करा. बहुतेक जण वाटच बघत असतात.

तोवर स्मरणशक्तीचा भार कागदावर टाका. नावं, कामं, किल्ल्यांची जागा, सगळं लिहून ठेवा. यानं मेंदू आळशी होत नाही. फ्रॅक्चर झालेल्या पायाला कुबडी देतो तसंच आहे हे. आणि 'मला काहीच आठवत नाही' अशी परीक्षा दिवसभर स्वतःची घेत बसू नका. त्या परीक्षेचाही ताणच येतो.

यातलं काही सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा भेटा, कारण प्रत्येक विसराळूपणा ताणाचा नसतो. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर या साध्या तपासण्या करून घ्या. घोरत असाल आणि सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हे बघायला हवं. स्त्री असाल तर या वयात पाळी जाण्याआधीचे बदलही झोप आणि स्मरणावर परिणाम करतात. रक्तातलं कॉर्टिसॉल एकदा मोजून ताण कळत नाही. ते दिवसभर वरखाली होत असतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्याचं सांगून पूरक गोळ्या विकल्या जातात, पण असा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत बर्नआउटचा उल्लेख आहे, पण नोकरीतल्या ताणाशी निगडित स्थिती म्हणून. आजार म्हणून नाही.

आणि हे मात्र नीट वाचा. दोन आठवडे किंवा जास्त, जवळपास रोज, मन उदास राहत असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि तो वरच्या उपायांवर सोडून द्यायचा नसतो. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा तातडीच्या सेवेकडे जा, आणि घरात कुणाला तरी सांगा. नैराश्याच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका. आणि या काळात कुणी शांत करणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या दिल्या असतील, आणि तुम्ही त्या महिनोन् महिने घेत असाल, तर एकदम बंद करू नका. त्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवाव्या लागतात.

मोजायचं कसं, हे सांगून थांबतो. रोज मोजू नका. महिन्यातून एकदा, साधारण त्याच तारखेला तीन गोष्टी लिहा: सलग किती पानं वाचता आली, आठवड्यातल्या किती सकाळी झोप झाल्यासारखं वाटलं, आणि दचकल्यावर छाती शांत व्हायला किती वेळ लागला. तिसरी नोंद नीट बघा. दचकलात की नाही हे लिहायचंच नाही, उतरायला किती वेळ लागला तेवढं लिहायचं. आज वीस मिनिटं लागत असतील आणि तीन महिन्यांनी पाच, तर फोन वाजल्यावर धस्स होत असलं तरी तुम्ही सावरताय. तीन महिन्यांत तिन्ही नोंदी जागच्या जागीच असतील, तर तो कागद घेऊन माझ्यासारख्या कुणाकडे तरी जा.